रानडुक्कर कोणाचं?

आमच्या वेल्ह्याच्या घरी पडवीत एक पत्र्याचा डबा टांगलेला आहे. पंधरा किलो तेलाचा, एका बाजूने पार चेपलेला. भात दुधात आलं की आबा, म्हणजे माझे आजोबा, तो डबा घेऊन शेतातल्या माळ्यावर जायचे आणि रात्रभर काठीने बडवायचे. चार लाकडं रोवून, वर फांद्या टाकून केलेला तो माळा. लहानपणी मी दोनदा त्यांच्यासोबत झोपलो होतो. म्हणजे मी झोपलो, ते जागे होते. पहाटे उठून बघतो तर खाचराचा एक कोपरा कुणीतरी गादी करून लोळल्यासारखा आडवा. आबा म्हणाले, "जरा डोळा लागला, तेवढ्यात."

यंदा मे महिन्यात घरी गेलो, तेव्हा आजीने जाहीर केलं की वरच्या तुकड्यात यापुढे नाचणी नाही. खालचं भात कसंबसं राखता येतं, कारण ते घराजवळ आहे. वरची वरकस जमीन रानाला लागून. आबा गेले, काका शिरवळला कंपनीत, मी पुण्यात. राखण कोण करणार? नाचणी आमच्यासाठी नाही, डुकरांसाठी पेरतो, असं ती म्हणाली. मी पुण्याला परत आलो आणि त्या आठवड्यात कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नाचणीचे कुकीज खाल्ले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून ते मेन्यूत आहेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, कायद्याचा माझा अभ्यास भाडेकरारापलीकडे नव्हता. पण त्याच सुमारास नोकऱ्या चाळताना एक जाहिरात समोर आली: शाश्वत वन्यजीव व्यवस्थापन आणि अन्नव्यवस्था यांसाठी कायदेतज्ज्ञ हवा. मला आधी हसू आलं. मग वाचत गेलो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना २०१७ पासून आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या देशांत असा एक कार्यक्रम चालवते. गयाना, गॅबन, मादागास्कर अशा ठिकाणी. तिथले वकील शिकारीचा कायदा, जमिनीचा कायदा आणि अन्नसुरक्षेचा कायदा शेजारी-शेजारी ठेवून बघतात, की एक दुसऱ्याला कुठे छेद देतोय. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन वेगळ्या टीम्सनी लिहिलेला कोड एकत्र चालवला तर कुठे फाटतो, ते शोधायचं. मनात आलं, हे काम आमच्या वरच्या तुकड्यासाठी कुणी केलंय का?

तर मीच सुरुवात केली. कायदे ऑनलाइन आहेत, जुने आणि नवे दोन्ही. दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून काय गळलं, काय वाढलं ते बघायची मला सवय आहे.

*

शोधत मागे जाताना मी थेट महात्मा फुल्यांपाशी पोचलो. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. शाळेत आपल्याला त्यातलं सावकार आणि भटशाही तेवढं सांगतात. त्यात जंगलखात्यावर टीका आहे, की डोंगर-कुरणं सरकारने कवेत घेतली आणि गरिबांच्या गुरांना चरायला जागा उरली नाही. आणि त्यातच रानडुकरं आहेत! त्याआधी पाचच वर्षांपूर्वी, १८७८ मध्ये, दोन गोष्टी झाल्या होत्या. हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक ठेवणं गुन्हा झाला. त्याच वर्षी वनकायदा आला आणि राखीव जंगल ही भानगड पक्की झाली. एका हाताने शेतकऱ्याची बंदूक काढली, दुसऱ्या हाताने त्याच्या बांधाला लागून रान राखलं. फुल्यांनी या दोन्हींची बेरीज केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डुकरांपासून पीक वाचवण्यापुरत्या साध्या गावठी बंदुका शेतकऱ्याला ठेवू द्या. ते जमत नसेल तर पोलिसांकडून शेतं राखून घ्या. आणि तरीही पीक गेलं, तर नुकसान गोऱ्या अंमलदारांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्या, आणि तसा कायदा करा.

बंदूक, राखण किंवा भरपाई. मी हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. तेव्हापासून आजवर या विषयावर जे काही कायदे, आदेश, योजना झाल्या, त्या सगळ्या या तीनपैकी कुठल्यातरी खणात बसतात. चौथा खण अजून कुणाला सापडलेला नाही.

पुढचा कायदा १९१२ चा, वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा. छोटासा आहे, चहा पिताना वाचून होतो. त्याच्या यादीत मोर, तितर, हरणं, ससे, गवे, गेंडे आहेत. डुक्कर नाहीच. म्हणजे साहेबाच्या लेखी डुक्कर राखण्यालायक नव्हतं, भाला घेऊन घोड्यावरून मारण्यालायक होतं. पण या कायद्यातला माझ्या कामाचा भाग वेगळाच आहे. त्यात एक अपवाद आहे: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी प्राणी मारला, किंवा प्रामाणिकपणे मालमत्तेच्या रक्षणासाठी मारला, तर हा कायदा लागू नाही. मालमत्ता. उभं पीक ही मालमत्ताच.

आता खरं तर हा कायदा आमच्या गावाला लागू नव्हता. तो ब्रिटिश मुलखाचा. वेल्हे आणि भोर हा पंतसचिवांचा मुलूख, भोर संस्थान. संस्थानाच्या तालुक्यांची नावं किल्ल्यांवरून होती: राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा, पलीकडे घाटाखाली सुधागड, पवनमावळ तेवढं निराळं. म्हणून २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरलं तेव्हा 'नवं नाव' वगैरे बातम्या आल्या, त्या मला गमतीच्या वाटल्या. जुनंच व्हर्जन परत आणलं होतं. (आजी अजून वेल्हंच म्हणते.)

संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. आबा तेव्हा लहान होते. त्यांच्या आठवणीतली शिकार या सुमाराची. हाका घालायला अख्खी वाडी निघायची. डुक्कर पडलं की वाटे. मारणाऱ्याला मांडीचा एक तुकडा जास्त, हाका घालणाऱ्या प्रत्येकाला सारखा वाटा, आणि ज्याचा कुत्रा पुढे होता त्याला कुत्र्याचाही वाटा. घरात मरतूक किंवा बाळंतीण असेल, हाक्याला कुणी आलं नसेल, तरी त्या घरी टोपभर कालवण जायचं. आबा हे सांगताना शिकारीच्या थरारापेक्षा वाट्यांच्या हिशोबात जास्त रमायचे. आता लक्षात येतं, ती गावाची न लिहिलेली नियमावलीच होती. पीक डुकराने खाल्लं तर डुक्कर गावाने खायचं, आणि ज्याचं पीक गेलं त्याच्या ताटात काहीतरी परत यायचं.

१९५१ मध्ये मुंबई राज्याने स्वतःचा वन्यप्राणी आणि पक्षी संरक्षण कायदा केला. विलीनीकरणामुळे आता आम्हीही त्याखाली. शिकारीला परवाने आले. डोंगरात त्याची खबर किती वर्षांनी पोचली असेल, देव जाणे.

*

मग १९७२. वन्यजीव संरक्षण कायदा.

इथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे, कारण मी या कायद्याच्या विरोधातला माणूस नाही. मी तोरण्यावर पहाटे शेकरू बघायला जाणाऱ्यांपैकी आहे. माझ्या फोनमध्ये भेकराचे अस्पष्ट दीडशे फोटो आहेत. १९७२ च्या मोजणीत देशात वाघ निघाले अठराशेच्या आसपास. बंदुका, जीपा आणि रात्रीचे सर्चलाइट यांनी रानं ओस पाडली होती. तो कायदा आला नसता तर आज वाचवायला फार काही उरलंच नसतं. वन्यप्राणी हा तेव्हा राज्यांचा विषय. काही राज्यांनी ठराव करून केंद्राला हा कायदा करायला लावलं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला.

पण माझ्या दोन खिडक्या समोर होत्या. डावीकडे १९१२, उजवीकडे १९७२. नव्या कायद्याच्या अकराव्या कलमात स्वसंरक्षणाचा अपवाद आहे: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्राणी मारला तर तो गुन्हा नाही. ओळ जवळजवळ तीच. फक्त मालमत्ता हा शब्द तिथे नाही.

तो पूर्ण नाहीसा झालेला नाही, हेही सांगायला हवं. तो त्याच कलमात वरच्या मजल्यावर गेला आहे. एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, अगदी उभ्या पिकालासुद्धा, धोकादायक झाला आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. 'उभं पीक' हे शब्द कायद्यात आहेत! म्हणजे लिहिणाऱ्याला शेत दिसत होतं. फक्त निर्णय माळ्यावरच्या माणसाकडून कचेरीतल्या माणसाकडे गेला. आधी शेतकरी ठरवायचा आणि मग गरज पडली तर सिद्ध करायचा. आता आधी सिद्ध करायचं. डुक्कर रात्री अडीच वाजता येतं.

१९७२ च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने तरी होते. प्राण्यांच्या याद्यांना 'विशेष शिकार', 'मोठी शिकार', 'छोटी शिकार' अशा अर्थाची शीर्षकं होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवाने गेले, शिकार सरसकट बंद झाली. खाण्यासाठी मारणारा, विकण्यासाठी मारणारा आणि हौसेसाठी मारणारा तिघेही एका रांगेत. आज शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाघासारखा प्राणी असेल तर आणखी कडक.

आणि एकोणचाळिसावं कलम. रीतसर परवानगी घेऊन डुक्कर मारलं, तरी मेलेलं डुक्कर राज्य सरकारच्या मालकीचं. जिवंत असताना त्याने खाल्लेली नाचणी माझी, मेल्यावर त्याचं मटण सरकारचं. मी हे आजीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मग सरकारनं राखण करावी की. ज्याचं जनावर त्यानं बांधावं." तिने फुले वाचलेले नाहीत.

यात एक भर हत्यारांच्या कायद्याची. १९५९ चा नवा कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय ठेवतो. आमच्या शेजारच्या वाडीत अशी एक बंदूक होती, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. एका कायद्याने पीक राखायला बंदूक द्यायची आणि दुसऱ्याने ती कशावर रोखायची नाही ते सांगायचं. अशा दोन टीम्स एका ऑफिसात असत्या तर मॅनेजरने मीटिंग लावली असती.

वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. आदिवासी आणि परंपरेने वनात राहणाऱ्यांना त्यांचे हक्क परत देणारा कायदा. भोर-वेल्ह्यात कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत. त्यांच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. गौण वनोपज, चराई, तळ्या-ओढ्यातले मासे, सगळे हक्क त्यात मोजले आहेत आणि शेवटी म्हटलं आहे की परंपरेने चालत आलेला इतर कुठलाही हक्क. लगेच पुढे: शिकार आणि सापळे लावणं सोडून. म्हणजे कातकऱ्याने ओढ्यातला मासा धरला तर हक्क, ओढ्याकाठचा ससा धरला तर गुन्हा. का, याचं कारण संवर्धनाच्या बाजूने मला कळतं. पण ज्याच्या ताटात मांस फक्त या दोन मार्गांनीच येत होतं, त्याच्या ताटाचं पुढे काय, हा प्रश्न त्या ओळीत कुठेच नाही.

*

दार बंद झालं म्हणून डुकरं मरायची थांबली नाहीत. ती चोरून मरू लागली. तारेचे फास, कुंपणात सोडलेली वीज, पिठाच्या गोळ्यात दडवलेला स्फोटक. फासाला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटे अडकल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतात. विजेच्या तारेने कधीकधी शेतकराच जातो. ज्याला परवानगीच्या खिडकीपर्यंत जायचं नसतं तो सर्वांत वाईट हत्यार निवडतो, कारण ते आवाज करत नाही.

सरकारलाही हे कळतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने पिकाची नासाडी करणारी रानडुकरं आणि रोही मारायला परवानगी देण्याची पद्धत सोपी केली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारमध्ये हे दोन प्राणी काही काळासाठी उपद्रवी ठरवले. मोकामा भागात बंदूकवाले बोलावून रोही मारले गेले, त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. केरळने २०२२ मध्ये डुकरांबाबतचा हा अधिकार थेट पंचायतींच्या अध्यक्षांकडे दिला. हा सगळा फुल्यांचा पहिला खण. पण आमच्या गावात बंदूक चालवणारा माणूसच उरलेला नाही. साठीच्या पुढचे लोक आणि सुट्टीला येणारे आम्ही. परवानगी मिळाली तरी गोळी कोण घालणार?

आणि इथे मला माझीच केस थोडी कच्ची करावी लागते. नाचणी डुकरांनीच संपवली असं म्हणणं खोटं होईल. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी: या दोन तालुक्यांच्या खोऱ्यांत एकामागून एक धरणं झाली, तळची खाचरं पाण्याखाली गेली, पाणी पुण्याला आणि नीरेच्या कालव्यांना गेलं, लोक वर सरकले, रानाच्या जवळ. रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद केली होती, पण आजीच्या पिशवीतून तांदूळ-गहूच येताना मी पाहिले. तरुण पोरं हायवेकडे गेली. पडीक तुकड्यांवर घाणेरी माजली आणि डुकरांना दिवसा लपायला गावाच्या अगदी जवळ जागा झाली. शेजाऱ्याने पेरायचं सोडलं की त्याच्या वाटणीचं डुक्करही तुमच्याकडे येतं. त्यामुळे तुम्हीही सोडता. मग पुढचा. वर फार्महाऊसवाल्यांच्या पाट्या लागल्याच आहेत.

हे चक्र वन्यजीव कायद्यात दिसत नाही, अन्नसुरक्षा कायद्यात दिसत नाही आणि जमिनीच्या सातबाऱ्यावरही नाही. तिथे फक्त 'पड' एवढंच येतं.

माझा क्लायंट जर्मन आहे. एका कॉलच्या सुरुवातीला, हवामानाचं बोलून झाल्यावर, मी तिथल्या सहकाऱ्याला विचारलं की तुमच्याकडे डुकरांचं काय करता. तो अर्धा तास बोलत राहिला. मग मीही वाचलं. त्यांच्या १९५२ च्या शिकार कायद्यात शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला चिकटलेला आहे. छोट्या तुकड्यांचे मालक आपोआप एका गटाचे सभासद होतात, तो गट शिकारीचा हक्क भाड्याने देतो, आणि डुकरांनी पीक खाल्लं तर भरपाई गटाने द्यायची. करारात ती बहुतेक वेळा भाडेकरू शिकाऱ्यावर टाकलेली असते. म्हणजे ज्याला डुक्कर हवं त्याने मक्याचे पैसे भरायचे. मारलेल्या डुकराची ट्रिकिनेला नावाच्या कृमीसाठी तपासणी होते आणि मग ते खाटकाच्या दुकानात जातं. आबांच्या वाट्यांसारखंच, फक्त शिक्क्यासह.

हे आपल्याकडे उचलून आणा, असं माझं म्हणणं नाही. तिथे डुकरावर जगणारे बिबटे नाहीत. आपल्याकडे रानातलं डुक्कर कमी झालं तर बिबट्या गोठ्यात येणार, आणि बंदुका वाटल्या तर पहिली गोळी भेकरालाच लागणार, हे गावातलं कुणीही सांगेल. मला हेवा वाटला तो एवढ्याचाच, की त्यांनी प्राणी, जमीन आणि जेवण हे तिन्ही एका कायद्यात बसवून ठेवलेत आणि खर्च कुणाच्या खात्यावर, ते लिहिलंय.

आपला भर तिसऱ्या खणावर आहे, भरपाईवर. शासन निर्णय निघत आले, दर बदलत आले. वेळेत अर्ज, मग वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक, पंचनामा. आजीने आयुष्यात एकदाही अर्ज केलेला नाही. जाण्यायेण्यात दिवस जातो आणि तोवर उरलेलं पीकही जातं, हा तिचा साधा हिशोब. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून पीकविम्यात वन्यप्राण्यांचं नुकसानही येईल. बहात्तर तासांत अ‍ॅपवर, ठिकाणाची नोंद असलेले फोटो टाकायचे. माझ्या धंद्यातला उपाय, त्यामुळे मी खूश व्हायला हवं. आमच्या वरच्या तुकड्यात नेटवर्क येत नाही. फोटो काढून खिंडीपर्यंत चालत यावं लागेल. आणि विमा पैसे देतो, नाचणी देत नाही.

राहिली राखण. मधल्या खणाकडे कुणीच बघत नाही, म्हणून मीच प्रयोग केला. हालचाल टिपणारा सेन्सर, सौर दिवा आणि भोंगा असं यंत्र गेल्या वर्षी जोडून बांधावर लावलं. पहिल्या रात्री डुकरं पळाली. चौथ्या रात्री ती दिव्याच्या उजेडात खात होती. आजी म्हणाली, बरं झालं, त्यांना दिसत नव्हतं.

जूनच्या पहिल्या पावसानंतर पुन्हा गेलो. मृगाने खाचरं ओली केली होती. आजीने कणगीमागून नाचणीच्या बियाण्याचं गाठोडं काढलं, मुठीत घेऊन फुंकर मारली, दाणा चावून बघितला. बी दोन वर्षं पेरलं नाही की मोडतं, ती म्हणाली. घरामागच्या परड्यात दोन शेर टाकते.

"आणि वरचा तुकडा?"

"दिवाळीच्या आधी पंधरा रात्री जागायला येणार असशील, तर टाकते की."

मी फोन काढला आणि ऑक्टोबरचं कॅलेंडर उघडलं. रिलीज नेमकी त्याच पंधरवड्यात होती. आजीने तोवर पडवीतला डबा खाली काढून पदराने पुसायला घेतला होता.